तो कुठल्या प्रकारात बसतो?

प्रिय नव्या गुरुजी,

तुला गुरुजी म्हणताना अजून हसू येतं. छात्रसेवाकाळात, म्हणजे शिक्षक होण्याआधीच्या शाळेतल्या सरावात, फळ्यावर लिहिताना तुझी ओळ उजवीकडे चढत जायची, ती आता सरळ झाली का? पत्र मिळालं. सोबतचा तक्ताही चष्मा पुसून नीट पाहिला. २१ प्रकारची दिव्यांगत्वं, प्रत्येकापुढे लक्षणं, त्यापुढे उपाय, आणि खाली लाल शाईत तुझा प्रश्न: ‘तिसरीत एक मुलगा आहे, वर्गात काहीच करत नाही. तो यातल्या कुठल्या प्रकारात बसतो?’

तक्ता भिंतीला लाव, वाया गेलेला नाही. १९९५ च्या कायद्यात सातच प्रकार होते. २०१६ च्या कायद्याने २१ केले आणि तेव्हा कुठे स्वमग्नता म्हणजे ऑटिझम, अध्ययन अक्षमता, सिकलसेल हा रक्ताचा आजार, ही नावं त्या यादीत आली. नाव यादीत आलं की यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगाचं सरकारी ओळखपत्र, निघतं, प्रवास भत्ता आणि मदतनीस भत्ता मागता येतो, परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मिळतो. सिव्हिल हॉस्पिटलच्या बाकावर सबंध दिवस बसून राहिलेल्या आयांसोबत मीही बसले आहे. त्या शिक्क्याची किंमत मला सांगू नकोस. पण तो शिक्का दवाखान्याला आणि सरकारला लागतो. तुला वर्गात दुसरंच काहीतरी बघायचंय: पोराचं अडतं नेमकं कुठे.

हे मी शिकले ते एका वहीवरून. नोकरीचं सातवं-आठवं वर्ष असेल. चौथीत एक मुलगी होती, खिडकीशी बसायची, गप्प. नोंदवहीत तिच्या नावापुढे मी ठसठशीत लिहिलं होतं, ‘लक्ष नसते’. एका दुपारी श्रुतलेखन घेतलं, नेहमीसारखं रांगांमधून फिरत. संध्याकाळी वह्या तपासायला घेतल्या. तिच्या वहीत पहिले पाच शब्द बरोबर, मग चार जागा कोऱ्या, मग तीन शब्द, त्यात ‘माठ’चा ‘पाठ’ झालेला, परत कोरं. तीनदा पाहिलं तेव्हा उमगलं की ही तर माझ्याच फेऱ्यांची नोंद आहे! मी फळ्याजवळ, तोंड तिच्याकडे, तेव्हाचे शब्द बरोबर. मी तिच्या पाठीमागे गेले की कोरं. ती माझे ओठ वाचत होती. आणि प, ब, म ओठांवर सारखेच दिसतात. आरशासमोर उभा राहून आवाज न काढता ‘पार, बार, मार’ म्हणून बघ, म्हणजे माठाचा पाठ कसा झाला ते कळेल.

तपासणीत दोन्ही कानांत सुमारे ५० डेसिबलची घट निघाली. प्रमाणपत्राची रेघ मात्र ६० ला आहे. ६० ते ७० म्हणजे ऐकू कमी येणारा, ७० आणि पुढे कर्णबधिर. म्हणजे तुझ्या तक्त्यात ही मुलगी कुठेच बसली नसती. हाताच्या अंतरावरून आपण साधं बोलतो ते साधारण ६० डेसिबलचं. तिला माझं बोलणं कुजबुजीसारखं पोचत होतं, आणि त्यावर पंखा, पत्र्यावरचा पाऊस, शेजारच्या वर्गाचे पाढे. तिला भत्ता मिळाला नाही. पुढच्या बाकावरची जागा मिळाली, आणि तिच्यामुळे मला फळ्याकडे तोंड करून न बोलण्याची सवय लागली. नोंदवहीतलं ते वाक्य खोडलं, पण शाई दिसत होतीच.

तेव्हा कान या विषयावर एवढं लक्षात ठेव. बोलताना खिडकीला पाठ करून उभा राहू नकोस, तोंडावर अंधार येतो. मिशी ओठावर येऊ देऊ नकोस, हसू नको, खरंच सांगतेय. मागच्या बाकावरून कोणी उत्तर दिलं तर ते पुढे येऊन स्वतः परत म्हण. श्रवणयंत्र लावलं म्हणजे चष्मा लावल्यासारखं झालं, असं मुख्याध्यापकही म्हणतात, पण यंत्र सगळंच मोठं करतं, बाक सरकवल्याचा आवाजसुद्धा. आणि जन्मापासून अजिबात ऐकू न येणारं मूल ‘मी शाळा जातो’ असं लिहितं तेव्हा बुद्धीवर जाऊ नकोस. त्याची भाषा खुणांची असेल तर भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे, आणि आपले विभक्तीचे प्रत्यय त्यात तसे येत नाहीत. मराठी त्याच्यासाठी परकी भाषा आहे, आणि तीही न ऐकलेली.

आता अक्षरांकडे येते, कारण तुझ्या वर्गात याचीच पोरं सापडतील. अध्ययन अक्षमतेवरची बहुतेक पुस्तकं इंग्रजी बी आणि डीच्या गोष्टी सांगतात. आपल्या पोरांचं तिथे अडत नाही. आपल्याकडे घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व यांत अडतं. पहिली वेलांटी डावीकडे येते पण उच्चार व्यंजनानंतर होतो, तिथे अडतं. ‘गर्व’मधला रफार व च्या डोक्यावर बसतो आणि म्हणायचा मात्र व च्या आधी, हा तर आपल्या लिपीचा खास छळ! माझा एक विद्यार्थी धड्यावरच्या तोंडी प्रश्नांना वर्गात सगळ्यात आधी हात वर करायचा. तोच धडा वाचायला दिला की ओळीवर बोट ठेवून तो पहिल्या अक्षरावर अंदाज बांधायचा: ‘कपाट’ला ‘कपडा’, ‘पाऊस’ला ‘पाणी’. घाम यायचा त्याला. त्याचा परिसर अभ्यास मी तोंडी घेतला तेव्हा त्याला काय काय येतं ते पहिल्यांदा कळलं. भाषेचा वेगळा तास लावला, त्यात वाळूच्या ताटात बोटाने अक्षर आणि तोंडाने आवाज, एकाच वेळी. सावकाश आलं, पण आलं.

गणितातही आपली मराठी आडवी येते. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतात, वीस मागून, पोरगं ऐकेल तसं लिहितं आणि ५२ होतात. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येतं आणि लिहायचे २९. २०१९ ला बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असं सुचवलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! मला स्वतःला ‘पंचवीस’ सोडवत नाही. पण ज्याचं तिथे अडतं त्याला मी कानात हळूच ‘वीस पाच’च सांगायचे, आणि सांगेन. फक्त एक सांभाळ: पहिलीतल्या पोराने ध उलटा काढला म्हणून लगेच अक्षमतेचं नाव घेऊ नकोस. आठ वर्षांच्या आत बरीच पोरं उलटसुलट लिहितात. आणि ऊसतोडीला आई-बापासोबत सहा महिने जाणाऱ्या पोराचं वाचन कच्चं असेल तर त्याचं कारण त्याच्या मेंदूत शोधू नकोस.

स्वमग्न मुलाबद्दल तक्त्यात लिहिलंयस, ‘सामाजिक संवादात अडचण’. बरोबर आहे. पण अडचण आपल्याही बाजूने असते, हे ध्यानात घे. मराठी मास्तर बोलतो कसा? ‘पुस्तकात डोकं घाल’, ‘कान इकडे दे’, ‘जरा हात चालव’. एकदा मी एका मुलाला म्हटलं, ‘तोंड घाल त्या वहीत.’ त्याने घातलं. नाक वहीला टेकवून शांत बसून राहिला. वर्ग खो खो हसला आणि मीही हसले, याची आजही लाज वाटते. त्या वर्गात पुढे सूचना साध्या झाल्या: ‘पान १४ उघड. दुसरा प्रश्न लिही.’ गंमत म्हणजे सगळ्याच पोरांचं काम लवकर व्हायला लागलं. याच मुलाला मधल्या सुट्टीची घंटा असह्य व्हायची. शिपाईमामा घंटेकडे निघाले की मी त्याच्या बाकावर टकटक करायचे, तो कानांवर हात ठेवायचा, झालं. आणि वेळापत्रक बदलणार असेल तर आदल्या दिवशी सांगायचं, अगदी खिचडीऐवजी दुसरं काही शिजणार असेल तरी.

सेरेब्रल पाल्सी, आपल्या कागदांवर मेंदूचा पक्षाघात. या मुलांकडे बघून लोकांची फार मोठी चूक होते. तोंडातून लाळ येते, शब्द तुटक येतात, हात वेडेवाकडे जातात, की झालं, बुद्धी नाही असं ठरवून टाकतात. बुद्धी कमी असेलही, नसेलही. चेहऱ्यावरून ते कळत नाही. प्रश्न विचारला की मनात दहा मोज. बहुतेक मास्तर तीनवर दुसऱ्याकडे वळतात. आणि पाय बघ. बाक उंच आणि पाय लोंबते असतील तर सगळं अंग स्वतःला सावरण्यातच खर्ची पडतं, हाताला काही उरत नाही. पायाखाली दोन विटा ठेव. एका मुलाचं अक्षर मी दोन विटांनी सुधारलेलं बघितलंय. घाई केलीस तर त्याचे हात आणखी ताठतात, तेव्हा ‘लवकर लवकर’ हे शब्द त्याच्यापुरते विसर.

स्नायू झिजण्याच्या आजाराचं उलटं असतं. इतर मुलं वर्षागणिक थोडं थोडं पुढे जातात, याचं हळूहळू सुटत जातं. ‘गेल्या वर्षी तर जिना चढायचास’ हे त्याला कधीही म्हणू नकोस. त्याला माहीत आहे. त्याचा वर्ग खाली आण.

मी काही वर्षं विदर्भात होते, गोंडी बोलणाऱ्या पोरांची शाळा. तिथे एका मुलाच्या हजेरीपुढे मी ‘सतत गैरहजर’ लिहीत राहिले. डिसेंबरात तर आठवडा-आठवडा नाही. आला तरी प्रार्थनेनंतर कवायतीला हातपाय हलवायचा नाही. मी त्याला आळशी म्हणत होते. त्याला सिकलसेल होता. थंडी लागली, पाणी कमी पडलं की हाडं फुटतील असं दुखतं. या मुलाला शिकण्यात काहीही अडत नव्हतं, त्याचे दिवस तेवढे बुडत होते. म्हणून याला लागतं ते असं: बाकावर पाण्याची बाटली, विचारल्याशिवाय लघवीला जायची मुभा, सकाळच्या गारठ्यात मैदानातून सूट, आणि बुडालेला अभ्यास घरी पोचवणारा एक मित्र.

दृष्टीचं थोडक्यात. पूर्ण अंध मूल तुझ्या शाळेत आलं तर तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना आधी फोन कर. ब्रेल पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचायचं आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचायचं, हे पुस्तकातून शिकून जमत नाही. तोवर तू एवढं कर: फळ्यावर लिहिताना मोठ्याने म्हणत लिही, ‘हे बघा’, ‘इथून तिथे’ असलं बोलणं सोड. अंशतः दिसणाऱ्याचं जास्त गुंतागुंतीचं. एखादा बारीक अक्षर फडाफडा वाचतो आणि दारातल्या बादलीला मात्र धडकतो, लोक म्हणतात नाटकं करतो. नाटक नाही, त्याला नळीतून बघितल्यासारखं दिसतं, कडेचं दिसत नाही. त्याला पुढच्या बाकावर बसवशील तर फळा अर्धाच दिसेल, त्याला मागेच बसव.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना आपण बाळ करून ठेवतो. बारा-तेराची मुलगी, तिला ‘सोनू, पिल्लू’ करू नकोस. तिला पैसे शिकवायचे असतील तर चित्रातली नाणी बाजूला ठेव, खरे दहा रुपये दे आणि दुकानात पाठव, दहा वेळा पाठव, दुकानदाराला आधी सांगून ठेव. शर्टाचं बटण शिकवताना मी सुरुवात शेवटून करायचे: बटण काजातून निम्मं मी काढलेलं, शेवटचं ओढणं तेवढं तिचं. जमल्याचा आनंद पहिल्याच दिवशी मिळतो. मग हळूहळू मागे सरकायचं.

एक राहिलं. बोलता बोलता पाच-दहा सेकंद टक लावून बघणारं, मग काहीच झालं नाही असं पुढे लिहायला लागणारं मूल दिसलं तर ‘स्वप्नात आहेस का’ म्हणून खडू मारू नकोस. ती फिट असू शकते. मोठी फिट आली तर कांदा नाही, चप्पल नाही, तोंडात चमचा नाही. कुशीवर वळव, डोक्याखाली दप्तर दे, घड्याळ बघ. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन.

पालकांशी बोलताना प्रकाराचं नाव तुझ्या तोंडून जाऊ देऊ नकोस. ते डॉक्टरांचं काम. तू सांग, ‘वर्गात मला असं दिसतं, घरी काय दिसतं?’ आणि पुढचं ऐक. एका आईला मी समजावत होते की आता अपंग नाही, दिव्यांग म्हणायचं. ती म्हणाली, ‘बाई, काय बी म्हना, पन आधी त्याला नावानं तर हाका मारा.’ त्याला वर्गात सगळे कशाने हाक मारायचे ते मी इथे लिहीत नाही.

आता तुझा तिसरीतला. ‘काहीच करत नाही’ एवढ्यावर मी काय सांगणार? तो कुठे बसतो, दाराशी की खिडकीशी? मागून हाक मारली की वळतो का, उजवीकडून मारली तर, डावीकडून मारली तर? फळ्यावरचं उतरवत नाही की शेजाऱ्याच्या वहीतलंही नाही? तोंडी गणित येतं का? खिचडीच्या रांगेत कसा असतो? कुठल्या तासाला जरा हलतो? घरी कुठली बोली बोलतात? आठ दिवस एका जुन्या वहीत रोज चार ओळी लिही, तारीख घालून, आणि ‘लक्ष नसते’ हे दोन शब्द न वापरता. रविवारी फोटो काढून पाठव. शनिवारी सकाळची शाळा असते ना अजून? सुटल्यावर येणार असशील तर ये, पण आदल्या दिवशी कळव, भाकरी जास्तीची टाकायला.

आणि पत्रात त्याचं नाव लिही.

तुझी,
बाई