मुलीच्या डोक्यातल्या उवा घरच्या घरी कशा घालवाव्यात?

आठ वर्षांच्या मुलीच्या केसांत उवा झाल्यात, औषध न लावता जातील का, असं तुम्ही विचारलंय. जातात. माझ्या लेकीच्याही गेल्या, पण तिसऱ्या खेपेला.

पहिल्या दोन्ही वेळा मी रात्री डोक्यावर तेल थापलं, टॉवेल गुंडाळला, सकाळी धुऊन फणी फिरवली. दहा-बारा उवा निघाल्या, मी खूश. आठवड्याभरात पुन्हा खरखर खाजवणं सुरू. वाटलं, वर्गातून नव्या आल्या. त्या घरच्याच होत्या. तेलाने उवा सुस्तावतात, लिखांचं मात्र काही बिघडत नाही. लीख केसाच्या मुळाशी घट्ट चिकटलेली असते, ७ ते १० दिवसांत फुटते आणि त्यातलं पिल्लू पुढच्या साधारण १० दिवसांत स्वतः अंडी घालू लागतं. त्याआधी त्याला गाठायचं, एवढंच गणित.

म्हणून खरा उपाय फणी, तेल फक्त तिचं मदतनीस. केस ओले करून भरपूर कंडिशनर चोपडा (म्हणजे उवांना पळता येत नाही), साध्या कंगव्याने गुंता सोडवा. मग अगदी बारीक दातांची फणी घेऊन एकेक बट धरा, दात टाळूला टेकवा आणि थेट टोकापर्यंत ओढा. प्रत्येक वेळी फणी पांढऱ्या कापडावर पुसा. तिळाएवढी करडी ऊ त्यावर पाय हलवताना दिसते. पिल्लं इतकी बारीक असतात की चष्मा लावूनच बसा. कानांमागे आणि मानेवर जास्त वेळ द्या. आमची एक बैठक पाऊण तास चालायची, लेक कुरकुरायची, गोष्ट सांगावी लागायची. हे दर ३-४ दिवसांनी, किमान दोन आठवडे. मध्ये एकही ऊ दिसली नाही तरी थांबू नका, मी तिथेच फसले होते.

लीख आणि कोंडा यांत गल्लत होते. कोंडा झटकला की पडतो, लीख नखाने ओढून काढावी लागते. केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतात, त्यामुळे मुळापासून बऱ्याच लांब दिसणारी लीख बहुधा रिकामं टरफल असते.

रॉकेल अजिबात नको, कातडी भाजते आणि पेट घेण्याची भीती वेगळीच. कापूरही नको, लहान मुलांच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांत गेली तर बुबुळाला इजा होते. व्हिनेगरने लिखा सुटतात म्हणे. आमच्याकडे फरक पडला नाही, खाजवून झालेल्या ओरखड्यांवर मात्र झोंबलं.

घरातल्या सगळ्यांची डोकी त्याच दिवशी तपासा. ऊ उडत नाही, उडी मारत नाही, डोक्याला डोकं लागलं की चालत जाते. डोक्याबाहेर ती एक-दोन दिवसांत मरते, तेव्हा उशीचे अभ्रे आणि टॉवेल गरम पाण्यात धुतले की पुरे. मी सोफ्याच्या गाद्यासुद्धा उन्हात टाकल्या होत्या, फुकट कंबर मोडली.

टाळूवर पू किंवा खपल्या दिसल्या तर थेट डॉक्टर. आणि दोन आठवड्यांनीही जिवंत उवा निघत असतील तर औषधाला घाबरू नका, डॉक्टरांना विचारून १ टक्का परमेथ्रिनचं लोशन लावा. तेही साधारण नवव्या दिवशी पुन्हा लावावं लागतं, आणि फणी तेव्हाही सुटत नाही.