गुलाबाचं गाणं आणि आजीची बरणी

प्रिय चिऊ,

शाळेत स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या दिवसासाठी पाठ केलेलं त्याचं ‘रेड, रेड रोझ’, ‘माझी प्रिया जूनमध्ये उमललेल्या लाल गुलाबासारखी’ असं सांगणारं गाणं, तू परवा जेवताना म्हणून दाखवलंस आणि लगेच विचारलंस, “आई, मराठी नवरे बायकोला असं कधीच म्हणत नाहीत का? आबांनी आजीला एकदा तरी गुलाब दिला होता?” बाबा मुकाट्याने आमटी ओरपत राहिला. मी “जेव आधी” म्हणाले. ते काही उत्तर नव्हतं, म्हणून हे पत्र.

नव्हता दिला. निदान मी तरी पाहिला नाही. आमच्या साताऱ्याच्या घरी गुलाब ही द्यायची वस्तू नव्हतीच, खायची होती. मागच्या दारी गावठी गुलाबाचं एक झाड होतं, फिकट रंगाचं, वासाचं. आजी सकाळी फुलं खुडून पाकळ्या निवडायची. बरणीत एक थर पाकळ्यांचा, एक खडीसाखरेचा, वर फडकं बांधून बरणी उन्हात. गुलकंद आबांच्या पित्तासाठी. आम्हाला चमचाभर, तोही परीक्षा असली तर. ऊन सरकलं की बरणी सरकवायचं काम आबांचं. रविवारी पेपर वाचताना ते बरणीबरोबर स्वतःची खुर्चीही सरकवत अंगणभर फिरायचे. हे प्रेम होतं की पित्ताची धास्ती, मला खरंच ठरवता येत नाही.

पाकळ्या निवडताना आजी माणिक वर्मांचं ‘बहरला पारिजात दारी’ गुणगुणायची. गदिमांचं गाणं. त्यात सत्यभामेची तक्रार आहे: झाड माझ्या दारात, फुलं मात्र रुक्मिणीच्या अंगणात पडतात. लहानपणी मला ते नुसतं फुलांचं गाणं वाटायचं. आता वाटतं, ती आबांना ऐकू जाईल अशा बेतानेच म्हणायची. (रुक्मिणी कोण म्हणशील, तर कोपऱ्यावरचा पत्त्यांचा अड्डा.)

आणि नवऱ्याचं नाव? ते फक्त उखाण्यात. मीनामावशीच्या लग्नाच्या पंगतीत आजीने घेतलं होतं: “गुलाबाच्या पाकळ्या, वर खडीसाखर, …रावांचं नाव घेते, आता वाढा लवकर.” सगळे हसले. आबा पानाकडे बघत बसले, कान लालबुंद.

मराठीत गुलाबाचं गाणंच नाही असंही नाही हं. ताईच्या हळदीला तू ज्यावर नाचलीस ते ‘गुलाबाची कळी’, २०१५ च्या ‘तू ही रे’ सिनेमातलं. पण आपल्याकडे नवरीला कळी म्हणायला सगळं वऱ्हाड पुढे, नवरा तेवढा गप्प.

तुझं गाणं १७९४ साली छापलं गेलं. बर्न्स म्हणायचा, ते त्याला खेड्यात ऐकायला मिळालेलं जुनं, साधं गाणं आहे. हे मला फार आवडलं. आपल्या जात्यावरच्या ओव्याही अशाच, कुणी रचल्या कुणास ठाऊक. मात्र मोठी झालीस की त्याचं चरित्र वाच. बायकोवर गाणी रचणारा हा माणूस तिच्याशी एकनिष्ठ होता असं मुळीच नाही. आबा निदान नऊच्या आत घरी असायचे.

बघ, पुन्हा आबांची वकिली करतेय. ते गेल्यावर आजी एकदा म्हणाली होती, “एकदा तोंडाने म्हणायला काय हरकत होती गं त्यांना?” तेव्हाही मी त्यांचीच बाजू घेतली. गप्प बसायला हवं होतं.

रविवारी फोनवर आजीला ते गाणं म्हणून दाखवशील? कंटाळा आला तर राहू दे, मी मागे लागणार नाही. फक्त अर्थ सांगताना जूनमध्ये उमललेला गुलाब म्हणालीस की ती अडवेलच. साताऱ्यात जूनमध्ये पाऊस लागतो, कळ्या झाडावरच कुजतात. तिला काय सांगायचं ते तू बघ.

तुझी,
आई