‘समजलं’ लिहिलेल्या चिठ्ठ्यांचं काय करायचं?

प्रश्न : सहावीला गणित शिकवते. वर्गात ५८ मुलं, तास ३५ मिनिटांचा. तास संपताना ‘आज काय समजलं, काय नाही’ हे चिठ्ठीवर लिहून घेते. बहुतेक जण ‘सगळं समजलं’ लिहितात आणि चाचणीत तीच मुलं चुकतात. हे बंद करावं का? – एक शिक्षिका, हडपसर, पुणे

उत्तर : बंद करू नका, प्रश्न बदला. ‘समजलं का?’ला मुलं बाईंना आवडेल तेच उत्तर देतात. शिवाय स्वतः गणित सोडवल्याशिवाय आपण कुठे अडतो, हे त्यांना कळणार तरी कसं?

शेवटची सात मिनिटं राखून ठेवा. पाव कागदावर आधी एकच उदाहरण द्या, समजा १/२ + १/३. उत्तर सांगण्याआधी त्याखाली दोन गोष्टी लिहायला सांगा : उत्तराची खात्री आहे, थोडी आहे की नाही, आणि कोणत्या पायरीवर थांबावं लागलं.

घरी तपासत बसू नका, नुसते गठ्ठे करा. बरोबर आणि खात्री असलेले बाजूला ठेवा. बरोबर पण खात्री नसलेल्यांना सराव पुरतो. चुकलेले पण पायरी सांगणारे निम्मं काम तुमच्यासाठी करून ठेवतात. खरी काळजी चौथ्या गठ्ठ्याची : उत्तर २/५ आणि पुढे ‘पूर्ण खात्री’. अंशात अंश, छेदात छेद मिळवणारं हे मूल कधीच शंका विचारणार नाही. त्याला रीत पुन्हा सांगून उपयोग नसतो, कारण त्याच्या मते त्याची रीत बरोबरच आहे. दुसऱ्या दिवशी विचारा, “अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा घातला, मग २/५ म्हणजे अर्ध्याहून कमी कशी झाली?” तो अडखळला की मगच समच्छेदाकडे वळा.

एकाच पायरीवर वर्गाचा तिसरा हिस्सा अडला असेल तर ती सगळ्यांनाच पुन्हा शिकवा. पाच-सहाच जण असतील तर बाकीच्यांना स्वाध्याय देऊन त्यांना फळ्याजवळ घ्या. आठवड्यातून दोनदा पुरे.

या चिठ्ठ्यांना आकारिक मूल्यमापनाचे (वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनाचे) गुण मात्र कधीही देऊ नका. गुण आले की प्रामाणिकपणा गेलाच. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रगतिपत्रकात स्वयंमूल्यमापन मागतं, पण त्याची नोंद वेगळी ठेवता येते.

आणि तासाच्या सुरुवातीला सांगा, “काल १९ जणांनी छेद समान करताना अडलो असं लिहिलं, म्हणून आज तिथूनच सुरू करू.” लिहिल्याने उद्याचा तास बदलतो हे दिसलं, तरच मुलं खरं लिहितात.