'छुपी जाहिरात' म्हणू नका

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या एका वहिनींनी विचारलंय : मालिकेतली सून फोडणी देता देता मसाल्याचं पाकीट नाव दिसेल असं धरते, त्या प्रॉडक्ट प्लेसमेंटला मराठीत काय म्हणायचं? 'छुपी जाहिरात' चालेल का?

नाही चालणार. हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. 'छुपी जाहीर सभा' कोणी म्हणतं का? आणि 'जाहीरात' लिहिणंही थांबवा. गरीब पण गरिबी, तसंच जाहीर पण जाहिरात.

शब्द मुळात अरबी. 'ज़ाहिर' म्हणजे उघड, डोळ्यांना दिसणारं. त्याच्या नेमका उलट 'बातिन' : आतलं, झाकलेलं. कुराणात ईश्वराची ही दोन्ही नावं लागोपाठ येतात, इतकी ती जोडी पक्की. आणि ज्या धातूपासून 'ज़ाहिर' झाला, त्याच ज़-ह-र पासून 'ज़ुहर' झाला. ज़ुहर म्हणजे मध्यान्ह. दुपारच्या नमाजाचं नाव तेच. सूर्य डोक्यावर, सावली पायाशी गोळा झालेली, लपायला जागा नाही. जाहिरात म्हणजे भर दुपार! हे सापडलं त्या दिवशी मला दुसरं काही सुचलं नव्हतं. शेवटचा 'आत' माझ्या मते अनेकवचनाचा, जवाहिरात आणि देहात यांतला. म्हणजे 'उघड केलेल्या गोष्टी'. आपण ते अनेकवचन विसरलो आणि 'ती जाहिरात' करून टाकली. आपल्या गुजराती शेजाऱ्यांची 'जाहेरात'ही स्त्रीलिंगीच.

शुद्धिवाद्यांना हा शब्द परका वाटतो, ते 'विज्ञापन' पुढे करतात. मला ते साफ अमान्य आहे. पेशवाईतली पत्रं उघडा : 'विज्ञापना' ही धाकट्यानं थोरल्याला नम्रपणे केलेली विनंती आहे. साबण विकणाऱ्याचा आणि त्या नम्रतेचा संबंध काय? माधव जूलियन आपल्या वडोदऱ्यात जन्मलेले, १९२५ साली फारसी-मराठी कोश देणारे. तेच पुढे भाषाशुद्धीचे कैवारी झाले, याचं मला आजही वाईट वाटतं. कोशकार माधवरावांपुढे मी हात जोडतो. शुद्धिवादी माधवरावांशी भांडतो.

ब्रिटनने मात्र, नकळत का होईना, ज़ाहिर-बातिनचा भेद ओळखला. २०११च्या फेब्रुवारीपासून तिथल्या टीव्ही कार्यक्रमांत पैसे घेऊन वस्तू दाखवायला परवानगी मिळाली, पण पडद्यावर 'पी' अक्षराची खूण दाखवायच्या अटीवर : सुरुवातीला, शेवटी आणि मधल्या जाहिराती संपून कार्यक्रम पुन्हा सुरू होताना. खूण दाखवली की बातिन ते ज़ाहिर झालं.

तर वहिनी, शब्द तुमच्या तोंडी आधीपासून आहे : पेरणी. 'पेरलेली बातमी' आपण म्हणतोच. पेरलेलं दिसत नाही, पण उगवतं. १९७३च्या 'बॉबी'त राजदूतची छोटी मोटरसायकल दिसली आणि लोक त्या गाडीलाच 'बॉबी' म्हणू लागले. नाम हवं तर 'वस्तुपेरणी' करा. क्रियापद तर तयारच आहे. पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर पेरता ना, तसं म्हणा : 'कालच्या भागात मसाला पेरला होता.'