बेडूकमाशाची शेपटी गळून पडते का? चारही पाय आल्यावर तो खाणं का सोडतो?

शेपटी गळून पडत नाही, त्यामुळे पाण्यात तुकडा शोधून सापडणार नाही. तुमच्या बेडूकमाशाला चार पाय फुटले, शेपटी रोज आखडतेय आणि खाणं बंद, असं तुम्ही लिहिलंय. यात आजारपण काही नाही, हे सगळं एकाच बदलाचा भाग आहे.

जीवशास्त्र शिकवताना मी या टप्प्यावर मुद्दाम रेंगाळते. या शेपटीत मणके नसतात. मधोमध लवचीक पृष्ठरज्जू, म्हणजे कण्याऐवजी आधार देणारा दांडा, त्याच्या वर चेतारज्जू, म्हणजे मज्जातंतूंचा दोर, दोन्ही अंगांना स्नायू आणि कडेने पातळ, आरपार दिसणारा पर. शरीर हे सगळं जागच्या जागी मोडून काढतं. पेशी ठरल्याप्रमाणे मरतात, भक्षक पेशी त्यांचे अवशेष गिळतात, शरीराला बांधून ठेवणाऱ्या कोलॅजन या प्रथिनाचे चिवट धागे विकरं (एन्झाइम) तोडतात. पृष्ठवंशी प्राण्यांमध्ये असं कोलॅजन तोडणारं विकर पहिल्यांदा सापडलं तेही बेडूकमाशाच्या शेपटीतच, 1962 साली. सुटलेली द्रव्यं रक्तात जातात आणि त्याच्याच अंगी लागतात.

हा हुकूम सोडते थायरॉइड ग्रंथी, रक्तात सोडलेल्या आपल्या संप्रेरकातून (हार्मोनमधून). 1912 मध्ये गुडरनाच या शास्त्रज्ञाने बेडूकमाशांना थायरॉइड खाऊ घातली, तर ते वेळेआधीच रूपांतरित होऊन चिमुकले बेडूक झाले. उलट, ही ग्रंथी काढून टाकली तर बेडूकमासा नुसता मोठा होत राहतो, बेडूक काही होत नाही.

मला याहूनही विलक्षण वाटतं ते हे, की रक्तातून तेच संप्रेरक पायांपर्यंत पोचतं तेव्हा पाय वाढतात आणि शेपटीपर्यंत पोचतं तेव्हा शेपटी विरते. नुसतं शेपटीचं टोक कापून बशीत ठेवलं आणि त्यावर हे संप्रेरक घातलं, तरी ते आक्रसतं. शेपटीवर डोळ्याचं कलम केलं, तर शेपटी नाहीशी होते आणि डोळा शाबूत राहतो! म्हणजे हुकूम एकच, पण त्याचा अर्थ प्रत्येक ऊती आपापला लावते.

आता खाण्याचं. शेवाळ खरवडायची शिंगासारखी कठीण चोच याच दिवसांत झडते आणि जबडा रुंदावू लागतो. पोटाच्या कातडीतून घड्याळाच्या स्प्रिंगसारखं दिसणारं लांबलचक आतडं आखडून अगदी तोकडं होतं, कारण पुढे किडे पचवायचे असतात. खायला तोंड तयार नाही, पचवायला आतडं तयार नाही; तोवर शेपटीच त्याची शिदोरी.

तेव्हा खाणं घालू नका, ते कुजून पाणी नासेल. पाणी उथळ करा आणि पाण्याबाहेर येणारा उतरता दगड आजच ठेवा. कल्ले जाऊन श्वास फुप्फुसांवर येतोय, टेकायला जागा नसेल तर तो बुडून मरू शकतो. शेपटीचा खुंटही दिसेनासा झाला की अगदी बारीक, जिवंत किडे द्या. हलत नसलेल्या भक्ष्याकडे तो सहसा बघतही नाही.