नायिका, नावाडी आणि भरतीचं घड्याळ

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका. उन्हाळा लागला की मला समुद्रकाठच्या हलक्याफुलक्या कादंबऱ्याच वाचाव्याशा वाटतात. नोकरी सुटलेली नायिका, आत्यानं मागे ठेवलेलं किनाऱ्यावरचं पडकं घर, शेजारी एक अबोल नावाडी. विसाव्या पानावर शेवट कळतो, तरी पुस्तक खाली ठेववत नाही. मुलगी म्हणते, "आई, जन्मभर व्याकरण शिकवलंस आणि आता हे?" पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालू का? आणि या ढिगातून बरं पुस्तक ओळखायचं कसं?

उत्तर : कव्हर नको हो बाई. इंग्रजीतल्या नामवंत कादंबरीकार जेन ऑस्टिन १८१७च्या जानेवारीत नवी कादंबरी लिहायला बसल्या, तेव्हा त्यांची प्रकृती खालावलेली होती. विषय कोणता घेतला? समुद्रकाठी नव्यानं उभं राहणारं, हवापालटाचं म्हणून नावारूपाला आणायचं एक गाव, आणि तिथं जमलेले, स्वतःला उगाच आजारी समजणारे नमुने. मार्चमध्ये लिखाण थांबलं, जुलैत त्या गेल्या. खरं दुखणं अंगावर घेऊन खोट्या दुखणेकऱ्यांची थट्टा! मुलीला हे सांगून बघा.

शेवट आधी कळतो, याचं मला काही वाटत नाही. दुपारी वाचता वाचता डुलकी लागली, चार पानं निसटली, तरी गाडी चुकत नाही. हीच तर या पुस्तकांची सोय.

आता निवड. मी बरीच वर्षं ग्रंथालयाच्या देवघेव खिडकीवर बसले, आणि परत आलेल्या पुस्तकांतली वाळू झटकता झटकता ही पुस्तकं चाळायची सवय लागली. माझी कसोटी एकच: समुद्राला कथेत काही काम आहे, की तो नुसता पडद्यावर रंगवलाय?

एकदा एक कादंबरी हातात आली. ओहोटीलाच जिथं चालत जाता येतं अशा खडकावर नायक-नायिका रोज संध्याकाळी सातला भेटतात. सलग पंधरा दिवस! मी पेन्सिल काढली. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून दुसरी भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते, म्हणजे ओहोटी रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. पहिल्या दिवशी सातला ओहोटी असेल, तर आठव्या दिवशी सातला जवळपास पूर्ण भरती. त्या खडकावर दोघं गळ्यापर्यंत पाण्यात उभी असणार! आणि पंधराव्या दिवशी पुन्हा सातच्या सुमारास ओहोटी. म्हणजे चंद्रानं लेखकाच्या ओंजळीत आयता विरह आणि आयती पुनर्भेट घातली होती. या गृहस्थानं ती सोडून दिली आणि विरहासाठी एक चिठ्ठी सोफ्यामागे पाडली. मला त्या चिठ्ठीचा अजून राग आहे.

जिला समुद्र ठाऊक आहे ती लेखिका अशी संधी सोडत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी पायऱ्यांपर्यंत आणते, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, तिच्याकडे पाण्याची चढउतार कमी असते. दुपारी जमीन पाण्याआधी तापते म्हणून वारा समुद्रावरून येतो, रात्री उलटा फिरतो. हे ती शिकवत बसत नाही. नायिकेची दोरीवरची ओढणी कुठल्या अंगणात जाऊन पडते, एवढंच दाखवते.

मात्र ही पेन्सिल भूमध्य समुद्राच्या काठी चालवू नका. तिथं बहुतेक ठिकाणी भरती-ओहोटीचा फरक अगदी थोडा. त्या बेटांवरच्या गोष्टीत मी बोटीचं वेळापत्रक बघते. वाऱ्यानं बोट अडकली आणि नको असलेला पाहुणा आणखी दोन रात्री राहिला, की पुस्तक घरी न्यायला हरकत नाही.

पत्रासोबत तुम्ही पाठवलेल्या यादीतली तीन पुस्तकं मी चाळली. पहिली दोन खुशाल वाचा. तिसऱ्यात नायिका आत्याचं पडकं घर तीन आठवड्यांत धुऊन-पुसून रंगवून काढते. खाऱ्या हवेत मुरलेल्या भिंतीत मीठ असतं आणि ते ओल धरून ठेवतं. घाईनं दिलेल्या त्या निळ्या रंगाचे पोपडे पावसाळ्याच्या आत निघणार. नावाडी मात्र चांगला उतरलाय. त्याच्यासाठी घ्या.