गुणसूत्रांची वाटणी: वाचकांचे प्रश्न

कांद्याच्या मुळाची स्लाइड तीनदा केली, पण पश्चावस्था (गुणसूत्रं दोन बाजूंना ओढली जातात तो विभाजनाचा टप्पा) एकदाही दिसली नाही. कुठे चुकतंय? (अकरावीची विद्यार्थिनी)

तू मूळ बहुधा लांब कापतेस. विभाजन चालतं ते अगदी टोकाच्या 2-3 मिलिमीटरमध्ये. त्याच्या वरच्या पेशी नुसत्या लांब होत असतात. तेवढं टोकच घे, ॲसिडमध्ये मऊ होऊ दे, रंग मुरला की कव्हरस्लिप ठेवून अंगठ्याने सरळ दाब, घासू नकोस. शिवाय पश्चावस्था काही मिनिटांत उरकते, त्यामुळे अशी पेशी क्वचितच हाती लागते. स्लाइड सावकाश सरकव. 16-16 गुणसूत्रांचे दोन झुपके, मधोमध वाकलेले, टोकं मागे फरफटत चाललेली, असं दिसलं की ती पश्चावस्था. मला ते दृश्य आजही तितकंच सुंदर वाटतं.

पेशीत मोजणारं कोणी नाही. मग दोन्ही नव्या पेशींना 46-46 गुणसूत्रं बरोबर कशी मिळतात?

मोजणी होतच नाही. पाहिला जातो तो ताण. विभाजनाआधी प्रत्येक गुणसूत्राची जुळी प्रत तयार होते आणि कोहेसिन नावाच्या प्रथिनाची कडी दोघांना बांधून ठेवतात. मग पेशीच्या दोन टोकांकडून आलेले तुर्कतंतू, म्हणजे गुणसूत्रं ओढणारे धागे, या जोडीला विरुद्ध बाजूंनी धरतात आणि रस्सीखेच सुरू होते. एखाद्या गुणसूत्राला तंतू पोहोचलाच नसेल, तर ते ‘थांबा’ असा रासायनिक संदेश सोडत राहतं. बाकीची 45 तयार असली तरी अख्खी पेशी त्या एकासाठी थांबते! शेवटचं धरलं गेलं की सेपरेज हे विकर कडी कापतं आणि सगळी जुळी एकदम दुरावतात. आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारं व्हिन्क्रिस्टिन हे कर्करोगाचं औषध हे तंतूच बनू देत नाही, म्हणून वाढणारी पेशी विभाजनात अडकून पडते.

केळ्यात बी का नसते? (जळगावहून एक शेतकरी)

आपल्या केळीत गुणसूत्रांचे तीन संच असतात, एकूण 33. बीजपेशी बनताना गुणसूत्रांनी जोडीजोडीने यावं लागतं. तिघांची जोडी जमत नाही. मुळं-पानं वाढताना जोडी लागतच नाही, म्हणून झाड जोमदार आणि लागवड कंदांनी किंवा टिश्यू कल्चरच्या रोपांनी.

बहिणीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम आहे. सासरची माणसं म्हणतात, ती गरोदरपणात ग्रहणात बाहेर गेली म्हणून.

ताई, हे पत्र घरात मोठ्याने वाचून दाखवा. या बाळांच्या पेशींत 21 क्रमांकाचं गुणसूत्र तीनदा असतं. झेरोम लेज्यून या फ्रेंच शास्त्रज्ञांनी 1959 मध्ये हे दाखवलं. बहुतेक वेळा ही चूक बीजांडात होते, क्वचित शुक्रपेशीत, आणि तीही गर्भ राहण्याच्या आधी किंवा राहतानाच. नंतरच्या ग्रहणाने ते गुणसूत्र वाढू शकत नाही.

बीजांडांची अर्धसूत्री विभागणी, म्हणजे गुणसूत्रं निम्मी करणारी विभागणी, मुलगी स्वतः आईच्या पोटात असतानाच सुरू होते आणि अर्ध्यावर थांबते, ती थेट ते बीजांड बाहेर पडेपर्यंत. तोवर तीच कोहेसिनची कडी वर्षानुवर्षं गुणसूत्रांना धरून असतात आणि काळाबरोबर सैल पडतात. म्हणून आईचं वय वाढलं की शक्यता वाढते. पण तरुण आयांच्या बाबतीतही हे घडतं, कुणाचीही चूक नसताना.

बाळाची कॅरिओटाइप तपासणी (गुणसूत्रांची संख्या आणि रचना पाहणारी) झाली नसेल तर करून घ्या. थोड्या कुटुंबांत जादा 21 दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेलं असतं. तसं निघालं तर आई-वडील दोघांचीही तपासणी करावी आणि पुढच्या बाळाआधी जनुकीय समुपदेशकांना भेटावं.